स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर निवडताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

खिशाला परवडेल आणि वेळेला दगा देणार नाही असे रिव्हॉल्व्हर कोणते, असे विचारणारी बरीच पत्रे गेल्या काही महिन्यांत आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. प्रत्येक देशाचे शस्त्रविषयक नियम वेगळे असल्यामुळे परवाना, नोंदणी, शस्त्र बाळगण्याच्या अटी आणि वाहतुकीचे नियम यांची पूर्तता वाचकाने आधीच केली आहे, असे गृहीत धरूनच पुढील उत्तरे लिहिली आहेत. ज्यांचे हे काम व्हायचे आहे त्यांनी खरेदीचा विचार त्यानंतरच करावा.

प्रश्न: मला नुकताच परवाना मिळाला आहे. याआधी मी कधीही शस्त्र हाताळलेले नाही. रिव्हॉल्व्हर घरीच राहील, रोज बरोबर बाळगण्याचा विचार नाही. विक्रेत्याने मला .357 मॅग्नम या काडतुसाचे, दोन इंची नळीचे, पाच गोळ्यांचे आणि अगदी हलके रिव्हॉल्व्हर दाखवले. जवळपास त्याच किमतीत .38 स्पेशल या काडतुसाचे, चार इंची नळीचे, सहा गोळ्यांचे पोलादी रिव्हॉल्व्हरही मिळते आहे, पण ते किलोभर वजनाचे आणि जुन्या वळणाचे आहे. कोणते घ्यावे?

उत्तर: जुन्या वळणाचे घ्यावे, आणि मनात किंतु न ठेवता घ्यावे.

दुकानात रिव्हॉल्व्हरचे वजन खटकते, कारण तिथे ते झाडून पाहायचे नसते. गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का काडतुसाच्या जोरावर जसा ठरतो तसाच शस्त्राच्या वजनावरही ठरतो. एकच काडतूस निम्म्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडले तर रिव्हॉल्व्हर दुप्पट वेगाने मागे येते आणि हाताला सोसावी लागणारी ऊर्जाही दुप्पट होते. आपल्याला दाखवलेल्या नमुन्यात वजन कमी आणि काडतूस अधिक जोराचे, असा दुहेरी भार आहे. अनुभवी नेमबाजालाही अशा रिव्हॉल्व्हरमधून दहा-पंधरा गोळ्यांपलीकडे सराव करणे नकोसे होते, आणि नवशिक्याचे तर त्यात मोठे नुकसान होते.

हे नुकसान मी शिकवताना अनेकदा पाहिले आहे. शिकणाऱ्याच्या नकळत सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसे बसवायच्या फिरत्या नळकांड्यात, एखादे दारू नसलेले डमी काडतूस घालून ठेवले की ते उघड होते. घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका मारणारा मागचा भाग, नुसता खट् करून पडतो, गोळी सुटतच नाही, तरीही नळीचे तोंड दोन बोटे खाली झुकते आणि डोळे मिटतात. धक्का येणार या धास्तीने हात आधीच झटका देतो. ही सवय पहिल्या दिवशी लागते आणि सुटायला महिने घेते. म्हणून पहिले शस्त्र असे असावे की दिवसाला पन्नास गोळ्या झाडल्यावरही दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला जावेसे वाटावे.

.38 स्पेशल हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. ते ज्या रिव्हॉल्व्हरमुळे जगभर पोहोचले ते स्मिथ अँड वेसनचे 1899 सालचे ‘मिलिटरी अँड पोलीस’ होय. 1957 पासून तेच ‘मॉडेल 10’ या नावाने ओळखले जाते. पोलिसांनी आणि पहारेकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या वापरलेली ही घडण आहे. तिच्यात डामडौल नाही. चार इंची नळी, न हलणारे नेमाचे खाचखूण, सहा घरांचा सिलिंडर आणि किलोच्या आसपास वजन, एवढेच. पण तिचे दोष आणि उपाय जाणकार कारागिरांना पाठ झालेले आहेत, आणि कमी पैशात भरवसा हवा असणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. चार इंची नळीचे आणखी दोन फायदे सहसा कोणी सांगत नाही. पुढची माशी आणि मागची खाच यांतील अंतर वाढल्यामुळे नेमातील चूक डोळ्याला लवकर दिसते. शिवाय रिकामी काडतुसे बाहेर ढकलणारी दांडी लांब असल्यामुळे ती पूर्ण बाहेर पडतात; दोन इंची नळीखालची आखूड दांडी पुष्कळदा त्यांना अर्धवट बाहेर काढून सोडते.

.357 मॅग्नम हे 1935 च्या सुमारास .38 स्पेशलवरूनच तयार झाले. त्याचे पितळी कवच मुद्दाम सुमारे तीन मिलिमीटर लांब ठेवले, ते अशासाठी की हे जोरकस काडतूस .38 च्या घरात पूर्ण बसूच नये. परिणामी .357 च्या रिव्हॉल्व्हरमधून .38 स्पेशल सुखेनैव झाडता येते, उलट मात्र नाही. म्हणून चार इंची नळीचे, पोलादी, पुरेसे वजनदार .357 आपल्या आवाक्यात मिळाले तर तेही अवश्य घ्यावे आणि त्यात .38 वापरावे. रुगरचे 1985 पासून निघणारे जीपी 100 त्याच जातीचे आहे. माझा आक्षेप .357 ला नाही, हलक्या फ्रेममधल्या, म्हणजे हलक्या सांगाड्यातल्या, .357 ला आहे.

हलक्या रिव्हॉल्व्हरना त्यांची जागा आहेच. रुगरचे 2009 साली आलेले एलसीआर, ज्याच्या बांधणीत पॉलिमरचा वापर आहे, .38 मध्ये 400 ग्रॅमच्याही आत भरते, आणि दिवसभर अंगावर बाळगणाऱ्या, सरावलेल्या माणसासाठी ते उत्तम आहे. मात्र अशा हलक्या शस्त्रात एक अडचण उद्भवू शकते. पहिली गोळी सुटल्यावर रिव्हॉल्व्हर इतके जोरात मागे येते की उरलेल्या काडतुसांतील शिशाच्या गोळ्या जडत्वामुळे कवचातून पुढे सरकतात, सिलिंडरच्या पुढच्या तोंडातून बाहेर डोकावतात आणि फ्रेमला अडून सिलिंडर फिरूच देत नाहीत. घरात ठेवायच्या शस्त्रासाठी हा धोका पत्करण्याचे काही कारण दिसत नाही.

आता पैशांविषयी. शस्त्राची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ता असतो. प्रशिक्षकाची फी, सरावाची काडतुसे, कानांचे आणि डोळ्यांचे संरक्षण, कुलूपबंद पोलादी पेटी आणि कारागिराची एक तपासणी हे सारे त्याच रकमेतून भागायला हवे. स्वतः दोनशे गोळ्या झाडल्याखेरीज कोणत्याही रिव्हॉल्व्हरवर भिस्त ठेवू नये, असा माझा नियम आहे. त्या दोनशेंतल्या निदान पन्नास, प्रत्यक्ष प्रसंगासाठी जी काडतुसे ठेवणार त्याच प्रकारच्या असाव्यात. सगळी पुंजी शस्त्रावर संपून या दोनशे काडतुसांसाठी पैसे उरणार नसतील, तर ते शस्त्र परवडले असे म्हणता येत नाही.

प्रश्न: ओळखीतल्या एका गृहस्थांचे जुने .38 रिव्हॉल्व्हर कायदेशीर हस्तांतरणाने मिळण्याजोगे आहे. बाहेरून ते अगदी चकचकीत दिसते. कारागिराकडे नेण्यापूर्वी माझे मलाच काही तपासता येईल का?

उत्तर: बरेच काही तपासता येईल. अर्ध्या तासात बहुतेक खोट लक्षात येते, फक्त घाई करू नये आणि मालकाची परवानगी घेऊनच प्रत्येक गोष्ट करावी.

सर्वप्रथम सिलिंडर उघडून सगळी घरे डोळ्यांनी पाहावीत आणि बोटाच्या टोकाने चाचपावीत. मालकाने ‘रिकामे आहे’ असे सांगून आपल्या हाती दिले असले तरी हे करावेच, आणि हातातून खाली ठेवून पुन्हा उचलले की पुन्हा करावे. काडतुसे त्या खोलीतच नसावीत.

चकचकीत दिसण्याने भुलू नये. नळीवर आणि फ्रेमवर कोरलेली अक्षरे भिंगाखाली पाहावीत. अक्षरांच्या कडा धारदार असतील तर पृष्ठभाग मूळचा आहे. कडा गोलसर, पुसट झालेल्या असतील तर गंजाचे खड्डे घासून वर नवी झिलई चढवलेली असण्याचा संभव मोठा. तसेच स्क्रूंची डोकी पाहावीत. ओरबाडलेली डोकी दिसली की चुकीच्या पेचकसाने कोणी तरी आत हात घातला आहे, हे समजावे.

यानंतर घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढावा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताचे बोट सिलिंडरला हलकेच टेकवून त्याला किंचित अडवावे. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकण्याआधी सिलिंडर आपल्या खाचेत ‘टिक’ आवाज करून बसला पाहिजे. हे सहाही घरांसाठी स्वतंत्रपणे करावे, कारण पाच घरे बरोबर आणि सहावे मागे पडलेले, अशी रिव्हॉल्व्हर सर्रास आढळतात. जे घर नळीच्या रेषेत येण्याआधीच घोडा पडतो त्या घरातली गोळी नळीच्या काठाला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडवते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या गालावर असे कण उडून रक्त आलेले मी पाहिले आहे.

घोडा पूर्ण मागे अडकलेला असताना, नळी सुरक्षित दिशेला धरून, घोड्याला मागून अंगठ्याने बेताने पुढे ढकलून पाहावे. तो सुटून पडला तर सौदा तिथेच थांबवावा. मग चाप पूर्ण दाबून तसाच धरून ठेवावा आणि सिलिंडर डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावा. बहुतेक घडणींत अगदी किंचित हालचाल चालते, खडखड चालत नाही. नंतर तो पुढे-मागे हलवावा. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट साधारण 0.10 ते 0.20 मिलिमीटर असावी. गॅरेजमध्ये वापरतात ते फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, त्यासाठी पुरते. 0.25 च्या वर पाते सहज शिरत असेल तर वायू आणि धग वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडणार. या फटीतून तप्त वायू नेहमीच निसटतो, म्हणून झाडताना कोणतेही बोट सिलिंडरच्या पुढे असता कामा नये, हेही लगेच लक्षात ठेवावे.

सिलिंडर उघडा ठेवून नळीच्या मागच्या तोंडावर उजेड पाडावा. तिथे, विशेषतः तळाशी, केसासारखी चीर दिसली तर ती नळी बाद समजावी. नळीतून उजेडाकडे पाहताना आत एखादे गडद कडे दिसले तर पूर्वी कधी तरी एक गोळी आत अडकलेली असताना दुसरी झाडली गेली आणि नळी तिथे फुगली, असा त्याचा अर्थ होतो. मनगटाच्या झटक्यासरशी सिलिंडर खटकन बंद करण्याची जी लकब पडद्यावर पाहून लोक उचलतात, तिने सिलिंडरची बिजागरी वाकते. सिलिंडर हळू बंद करताना शेवटी अंगठ्याने जोर द्यावा लागत असेल तर हा संशय घ्यावा.

राहिला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. फार जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये पडलेला घोडा थेट काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर टेकतो आणि शस्त्र हातातून घोड्यावर पडले तर गोळी सुटू शकते. नव्या घडणींत घोड्याच्या वाटेत अडसर असतो किंवा चाप दाबल्याशिवाय वर न येणारी एक पट्टी असते. रुगरने 1973 पासून आपल्या एकेरी क्रियेच्या, म्हणजे दरवेळी घोडा हाताने मागे ओढावा लागणाऱ्या, रिव्हॉल्व्हरमध्येही अशी पट्टी बसवली. आपण पाहत असलेल्या नमुन्यात अशी सोय आहे की नाही हे कारागिराकडून पक्के करून घ्यावे. नसेल तर ते स्वसंरक्षणासाठी घेऊ नये.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे आणि बोटांच्या सांध्यांना सूज असते. रिव्हॉल्व्हरचा चाप मला ओढवत नाही. विक्रेता आतली स्प्रिंग बदलून चाप हलका करून देतो म्हणतो. माझे बंधू म्हणतात, घोडा आधी हाताने मागे ओढून मग झाडावे. यांतले बरोबर काय?

उत्तर: ताई, दोन्ही उपाय मला पसंत नाहीत, आणि का ते सविस्तर सांगतो.

चापाच्या एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडायचा असेल तर साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो. घोडा आधीच मागे ओढलेला असेल तर दीड-दोन किलो पुरतात. लक्ष्याच्या पाटीसमोर दुसरा मार्ग सुखाचा वाटतो. परंतु प्रसंग खरा असतो तेव्हा हात थरथरतात, बोटांतली जाणीव बोथट होते, आणि अशा हातात ओढलेल्या घोड्याचे रिव्हॉल्व्हर असले तर मनात नसताना गोळी सुटते. समोर घरातलेच माणूस निघाले, किंवा आलेला माणूस पळून गेला, तर तो घोडा थरथरत्या अंगठ्याने परत खाली उतरवण्याचे कामही तितकेच जोखमीचे असते. म्हणून संरक्षणासाठी लांब ओढीनेच झाडायला शिकावे.

हलक्या स्प्रिंगने घोडा टोपीवर हलका आदळतो आणि काडतूस पेटत नाही. आपण रिव्हॉल्व्हर निवडतो ते भरवशासाठी, आणि तोच अशा बदलाने पहिल्यांदा जातो. आतल्या घासणाऱ्या पृष्ठभागांना निष्णात कारागिराने गुळगुळीत करून दिले तर मात्र ओढ बरीच सुसह्य होते आणि स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. त्याबरोबर मूठ बदलून पाहावी. चापावर बोटाचे टोक न टेकता पहिल्या सांध्याची घडी टेकली तर पकड पुष्कळ वाढते, आणि ते साधणे मुठीच्या जाडीवर अवलंबून असते. रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, डमी काडतुसांसह, रोज दहा वेळा सावकाश चाप ओढण्याचा सराव महिनाभर करून पाहावा. सांधे दुखू लागले की थांबावे. प्रशिक्षण केंद्रात वेगवेगळी रिव्हॉल्व्हर ओढून पाहिल्याशिवाय खरेदी करू नये.

.22 चे रिव्हॉल्व्हर घ्यावे का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. त्याचा धक्का नगण्य असतो हे खरे, पण त्याचे काडतूस काठावर ठोका बसून पेटते, ती पद्धत कमी भरवशाची आहे आणि तिला ठोकाही जोरदार लागतो, परिणामी .22 चा चाप पुष्कळदा .38 पेक्षा जडच निघतो. आपली अडचण धक्क्याची नसून चापाची असल्यामुळे तिथेही ती सुटणार नाही.

महिनाभराच्या प्रयत्नानंतरही चाप सलग पाच वेळा नीट ओढवला नाही, तर रिव्हॉल्व्हर घेऊ नये, असे मी आपल्याला आस्थेने सांगतो. तीच रक्कम भक्कम दार, आतून लागणारी मजबूत कडी, बाहेरचा प्रखर दिवा, मोठ्याने वाजणारी घंटा आणि उशाशी फोन यांवर खर्च केलेली आपल्याला अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न: वेळेवर हाताशी असावे म्हणून भरलेले रिव्हॉल्व्हर पलंगाशेजारच्या खणात ठेवणे योग्य आहे का? सुट्टीत नातवंडे येतात, पण खण उंच आहे.

उत्तर: मुळीच योग्य नाही. मुले खुर्ची ओढून चढतात, आणि मोठ्यांनी काय कुठे ठेवले आहे हे त्यांना आपल्यापेक्षा आधी ठाऊक असते. बहुतेक रिव्हॉल्व्हरना हाताने लावायचा सुरक्षा-खटका नसतो. पडल्यावर गोळी सुटू नये यासाठी आत असलेली सोय चाप ओढणाऱ्याला अडवत नाही. चाप जड असतो म्हणून लहान मुलाला ओढता येणार नाही, ही समजूतही खोटी आहे. मूल दोन्ही हातांचे अंगठे लावते.

रिव्हॉल्व्हर भिंतीला किंवा जमिनीला पक्क्या जडवलेल्या, अंधारातही बोटांनी उघडता येणाऱ्या पोलादी पेटीत असावे. ते वापरात नसेल तेव्हा सिलिंडर उघडून, फ्रेमच्या वरच्या पट्टीखालून तारेचे किंवा कडीचे कुलूप घालावे म्हणजे सिलिंडर बंदच होत नाही, आणि काडतुसे निराळ्या कुलपात ठेवावीत. नातवंडे घरात असतील ते सर्व दिवस याच पद्धतीने ठेवावे.

एक गोष्ट न विचारता सांगतो. घरातले कोणी खोल निराशेत असेल, जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, किंवा घरातच हिंसक भांडणे होत असतील, तर त्या काळात शस्त्र घरात असूच नये. कायदा देत असेल त्या मार्गाने, अधिकृत विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे, ते जमा करावे आणि त्या माणसासाठी डॉक्टरांची मदत त्याच दिवशी मागावी. कुलूप अशा वेळी पुरे पडत नाही, कारण किल्लीची जागा घरातल्या माणसांना माहीत असते.

प्रश्न: सरावात एकदा चाप ओढल्यावर गोळी सुटलीच नाही, आणि एकदा सिलिंडर घट्ट अडकून बसला. रिव्हॉल्व्हर सदोष आहे का?

उत्तर: लगेच तसा निष्कर्ष काढू नये. अडकलेला सिलिंडर मी उघडतो तेव्हा दहातल्या सात वेळा कारण एकच निघते. काडतुसे बाहेर ढकलणारी जी चांदणी असते तिच्याखाली न जळलेल्या दारूचे दोन-चार कण बसलेले असतात. साखरेच्या दाण्याहून लहान कण, पण तेवढ्याने चांदणी किंचित वर राहते आणि काडतुसांची बूड मागच्या भिंतीला घासू लागतात. रिकामी काडतुसे काढताना नळी सरळ आकाशाकडे करून दांडी एकदाच जोरात दाबावी, म्हणजे कण खाली गळून पडतात. सराव संपल्यावर चांदणीखाली कोरडा जुना टूथब्रश फिरवावा. तिथे तेल घालू नये, कारण तेलाला कण अधिकच चिकटतात. सिलिंडरच्या आसावर एक थेंब तेल पुरे. दांडी स्वतःच सैल होऊन बाहेर आली असली तरीही सिलिंडर अडतो, तेव्हा ती घट्ट आहे ना हे पाहावे. तिचे आटे काही घडणींत उलट्या दिशेचे असतात, म्हणून जोर लावण्याआधी कारागिराला विचारावे.

गोळी न सुटल्यास, सरावाच्या ठिकाणी, नळी लक्ष्याकडेच धरून निदान तीस सेकंद थांबावे, कारण काडतूस क्वचित उशिरानेही पेटते. त्यानंतर ते काढून टोपीवरचा ठोका पाहावा. ठोका खोल असेल तर काडतूसच सदोष होते असे समजावे. ठोका उथळ असेल, आणि इतर काडतुसांवरही तसाच असेल, तर घोड्याची स्प्रिंग किंवा फायरिंग पिन, म्हणजे टोपीवर ठोका देणारी सुई, तपासून घ्यावी. मात्र कधी नेहमीचा बार न होता नुसताच फुसका आवाज आला आणि हाताला धक्का जाणवला नाही, तर पुढचा चाप ओढू नये. ती गोळी बहुधा नळीतच अडकलेली असते. सिलिंडर उघडून सर्व काडतुसे काढावीत आणि मागच्या बाजूने नळीत उजेड दिसतो का ते पाहावे. उजेड दिसला नाही तर रिव्हॉल्व्हर त्याच स्थितीत, सिलिंडर उघडा ठेवून, कारागिराच्या हाती द्यावे.